रिकामे मनगट

बांगडी फुटली असे म्हणू नये, 'वाढवली' असे म्हणावे, हा धडा आम्हांला शाळेत जाण्यापूर्वीच घरात मिळाला होता. एवढ्याशा काचेच्या वस्तूविषयी आपली भाषा इतकी जपून का बोलते, याचे त्या वयात नवल वाटे. यंदा जानेवारीत आमच्या मुलीचे लग्न झाले आणि त्या नवलाचे उत्तर आम्हांला वसईच्या आमच्याच ओसरीवर मिळाले.

लग्नाच्या दोन दिवस आधी चुडा भरण्यासाठी कासारीण आली. 'दोन-चार', 'दोन-सहा' अशी मापे बोलत तिने पोरीबाळींचे हात एकेक करून हातात घेतले. मुलीच्या मैत्रिणींना हिरवा रंग तेवढ्या सोहळ्यापुरताच हवा होता; एरवी त्यांच्या मनगटावर एखादे नाजूक ब्रेसलेट असते, आणि तेही एकाच हातात. जमान्याबरोबर दागिना बदलतो, असे मनाशी म्हणत आम्ही कौतुकाने पाहत होतो.

या दागिन्याचे वय फार मोठे आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली ब्राँझची नर्तकी उंचीने जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. पण तिचा डावा हात मनगटापासून थेट दंडाच्या वरपर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे, आणि उजव्या हातात चारच आहेत. राजस्थानातील कालीबंगन या प्राचीन स्थळाच्या नावाचा अर्थच 'काळ्या बांगड्या' असा आहे. त्या काळी गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर येथे कारागीर शंख कापून बांगड्या घडवीत. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा सेवक विहिरीवर भेटलेल्या रिबकाच्या हातांत दहा शेकेल वजनाची सोन्याची कांकणे घालतो, आणि तेथूनच इसहाकाच्या विवाहाची बोलणी सुरू होतात.

हा दागिना केवळ स्त्रियांचा होता, असेही नाही. रणांगणावर पडलेल्या शौल राजाच्या मुकुटाबरोबर त्याच्या दंडातील कडेही दावीदाकडे आणले गेले होते. 'हातात बांगड्या भरल्या आहेत काय?' असे पुरुषाला हिणवणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. मनगटी घड्याळाचीही तीच कथा. युरोपात ते आरंभी स्त्रियांचे भूषण मानले जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात असे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना खिसा चाचपीत बसणे परवडेना, म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि पुढे पुरुषांनी ते तेथेच ठेवले. मनगटावर कोणाला काय शोभते, हा नियम माणसेच करतात आणि गरज पडली की माणसेच मोडतात.

आमच्या घरातही असे नियम बदलले. आजीच्या हातात जाड पाटल्या असत. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. पुढच्याच वर्षी आत्याचे लग्न ठरले. जुन्या पाटल्या मोडून नव्या न घडविता आजीने त्या जशाच्या तशा काढून आत्याच्या हातात घातल्या. आईच्या वाट्याला बिलवर आले. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती सुरू झाली आणि बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का पाहून घेण्याची सवय आम्हांला लागली. घडण बदलली, कायदे बदलले. सोने मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले.

काचेचे तसे झाले नाही. २०१९ च्या पावसाळ्यात वडील वारले. शवपेटी घरातून निघण्यापूर्वी शेजारच्या दोन वडीलधाऱ्या बायांनी आईच्या हातातील काचेच्या बांगड्या वाढवल्या. गोव्यातील ख्रिस्ती समाजातही पतीच्या शवपेटीवर चुडा फोडण्याची चाल होती. ख्रिस्तसभेच्या अंत्यविधीत बांगड्यांविषयी एक अक्षरही नाही; उलट संत पौलाने तीमथ्याला विधवांचा मान राखण्यास बजावले आहे. आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही काही बोललो नाही. आईचे सोन्याचे बिलवर कोणी फोडले नाहीत. ते पुसून कपाटात ठेवले गेले. ज्याला किंमत नव्हती तेवढेच दुःखाच्या नावाने मोडले गेले. आणि त्याच आठवड्यात वडिलांचे घड्याळ आमच्या मनगटावर आले. त्यांची आठवण म्हणून ते आम्ही आजही वापरतो, आणि त्याबद्दल आम्हांला कोणी कधी काही विचारलेले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडण्याची प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ती बातमी आम्ही मोठ्या अभिमानाने आईला वाचून दाखविली होती. ऐकून ती एवढेच म्हणाली, "बरं झालं हो त्या बायांचं."

चुडा भरण्याच्या दिवशी आई आतल्या खोलीत, पदराखाली हात घेऊन बसली होती. शुभकार्यात तिने पुढे येऊ नये असे तिला कोणी सांगितले नव्हते. पुढे ये, असेही कोणी सांगितले नव्हते. मुलगी आपले भरलेले हात सावरीत आत गेली आणि तिला ओसरीवर घेऊन आली. "नको गं, लोक काय म्हणतील?" असे आई म्हणाली. त्या क्षणी तिने आमच्याकडे पाहिले. २०१९ साली ज्या जागी आम्ही गप्प उभे होतो, ती जागा आम्हांला पुन्हा दिसली. या खेपेस आम्ही चटईवर तिच्यासाठी जागा केली आणि कासारणीला म्हणालो, "आमच्या आईचे माप घ्या."

कासारणीने कसलाही प्रश्न विचारला नाही. उतारवयाने आईचे हात वाळले होते; आता माप 'दोन-चार' निघाले. प्रत्येक हातात चार हिरव्या बांगड्या चढल्या. दोघी वृद्ध नातेवाईक उठून आत गेल्या, हे आम्ही पाहिले आणि आईनेही पाहिले. तिने हात मात्र पदराखाली नेले नाहीत.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात भांडी लावीत होती. साडेपाच वर्षांनी त्या घरात तिच्या हाताचा आवाज आला.