गिरणगाव: जागेसाठी झगडलेल्या माणसांचं गाव

लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी लाखो लोक रांग लावतात. पण या गणपतीची सुरुवात जागेच्या मागणीतून झाली, हे तुम्हाला माहीत आहे का? १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि कोळी बांधव व विक्रेते रस्त्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये राजा बसला.

लालबाग-परळच्या गिरणगावाची गोष्टच अशी आहे. बाहेरून आलेल्यांनी इथली प्रत्येक जागा मागून, झगडून मिळवली.

एक खोली, अनेक बिऱ्हाडं

कोकणातून, घाटावरून आलेले कामगार चाळीतल्या एकाच खोलीत दाटीवाटीने राहत. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे तिथेच अंथरूण टाकत. जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीतला एक-तृतीयांश वाटा महापालिकेला आणि जवळपास तेवढाच म्हाडाला मिळणार होता. २००१ मध्ये हा नियम फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि दोन्ही वाटे आटले. तरीही मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी घरांची मागणी सोडली नाही. २०१२ मध्ये म्हाडाने कामगारांच्या हजारो घरांची सोडत काढली. अनेकांचा नंबर मात्र अजून लागलेला नाही.

फिरायला जाताना

चिंचपोकळी स्टेशनला उतरून लालबागमधून भारतमातापर्यंत चालत जा. तिथून करी रोडचा पूल ओलांडला की लोअर परळ येतं. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे. जाण्याआधी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची' जरूर वाचा. कामगारांनी, खानावळवाल्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी त्यात आहेत.

आणि तुमच्या घरात कुणी आजोबा गिरणीत होते का? आजी सांगू शकत असेल, तर आजच तिच्याजवळ बसा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. गिरण्या गेल्या, निदान त्यांच्या गोष्टी तरी घरात राहू देत.