खालाची पाठ आणि माझं सर्टिफिकेट

साताऱ्याला मामेबहिणीच्या लग्नात एका वयस्कर फुफूंनी मला विचारलं, "पुण्यात तू काय शिकवतेस गं?"

मी म्हटलं, "पिलाटेस."

"अगं, पुलाव शिकवायला क्लास कशाला लागतो?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण परतताना एसटीत बसल्यावर वाटलं, त्यांना नीट सांगायला हवं होतं. पिलाटेस म्हणजे काय आणि मी ते शिकवू कशी लागले. हा रस्ता काही सरळ नव्हता. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती आजवर मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती.

लग्नानंतर मी पुण्यात कोंढव्याला आले. बी.ए. झालेलं, नोकरी नव्हती. घराजवळ फक्त बायकांसाठी एक जिम होती. तिथे आधी व्यायामाला जाऊ लागले, मग तीन महिन्यांचा ट्रेनरचा कोर्स केला आणि तिथेच एरोबिक्स शिकवू लागले. मुलं शाळेत गेली, स्वयंपाक उरकला की अकरा ते एक माझी बॅच. मोठा आवाज, आठापर्यंत मोजणी आणि पोटाचे व्यायाम शंभर-शंभर. बायका घामाघूम होऊन जायच्या आणि खूश असायच्या. महिन्याकाठी स्वतःचे पैसे हातात यायचे, त्याचं सुख वेगळंच.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली. सिझेरियन झालं होतं. दोन महिन्यांनी मी पुन्हा बॅच सुरू केली, पण सजद्यातून उठताना हात टेकावा लागे. बाळाला पाळण्यातून उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाईंनी तेल लावून दिलं, शेक दिला, फरक पडेना. शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं पोटाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या पोटाचे उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब गेलेत. तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

पुढचे सहा आठवडे तिनं मला जे शिकवलं, ते पाहून कुणी त्याला व्यायाम म्हटलं नसतं. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट आत ओढायचं आणि कंबर न हलवता एकच पाय उचलायचा. पहिल्या दिवशी मला तो पाच वेळासुद्धा नीट उचलता आला नाही. शंभर-शंभर करून घेणारी मी! कंबर हळूहळू सुटली. हे कुठून आलं म्हणून विचारल्यावर तिनं सांगितलं, "यातलं बरंचसं पिलाटेसचं आहे."

तेव्हा कळलं, की पिलाटेस हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार असायचा. शरीर बळकट करायच्या ध्यासानं तो व्यायामाकडे वळला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला पकडून छावणीत ठेवलं, आधी लँकेस्टरला आणि मग आयल ऑफ मॅन बेटावर. तिथे तो बरोबरच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यानं पलंगाला स्प्रिंगा बांधल्या, असं सांगतात. पुढे तो १९२६ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लाराबरोबर त्यानं स्टुडिओ चालवला. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात सतरंजीवर करायचे ३४ व्यायाम आहेत. १९६७ मध्ये तो वारला आणि पद्धतीला त्याचंच नाव चिकटलं.

मला त्याच्याहून जास्त ओढ वाटली ती त्याच्या पहिल्या शिष्यांची. रोमाना क्रिझानोव्स्का ही नर्तकी घोटा दुखावला म्हणून त्याच्याकडे आली. रॉन फ्लेचर हा नर्तक गुडघ्यासाठी आला. ईव्ह जेंट्रीचं स्तनाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. हात वर जाईना, तो तिनं तिथे मेहनत करून पुन्हा चालता केला. हे तिघंही पुढे नावाजलेले शिक्षक झाले. शिकवायला म्हणून कुणी आलं नव्हतं. दुखलं म्हणून आले, बरे झाले आणि तिथेच रमले. मला वाटलं, माझीही तीच गोष्ट आहे. आपणही शिकवायचं.

इथे मी घाई केली. ती माणसं त्या स्टुडिओत वर्षानुवर्षं राबली होती, हे मी सोयीनं विसरले.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा कोर्स होता. भिशी लागली होती, त्यातून फी भरली. पहिल्या दिवशी व्यायाम दाखवले, दुसऱ्या दिवशी आमच्याकडून करून घेतले, संध्याकाळी चकचकीत सर्टिफिकेट मिळालं. मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि आठवड्याभरात नवी बॅच सुरू केली. फी एरोबिक्सच्या दुप्पट. नावच नवं, त्यामुळे बायका आल्या.

त्यात आमच्या इमारतीतल्या खाला होत्या. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसून मुलं वाढवलेली बाई. "माझीही पाठ वाकली बघ, मलाही शिकव," म्हणाल्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर घेतलं.

पिलाटेसमध्ये एक व्यायाम आहे. पाठीवर सपाट झोपायचं आणि चटई गुंडाळावी तसं डोक्यापासून एकेक मणका उचलत उठून पुढे पायांपर्यंत वाकायचं. तिसऱ्या आठवड्यात खालांना तो जमेना. मी मागून हलकाच हात देऊन म्हटलं, "थोडं अजून, खाला." त्या वाकल्या. काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठता येईना. एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत. अशा पाठीला पुढे गोल करून वाकवायचं नसतं. साध्या शिंकेनंही हे होऊ शकलं असतं, असंही ते म्हणाले. पण ते शिंकेनं झालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी खाला मोरीत घसरून मनगट मोडून बसल्या होत्या. तेव्हा मीच त्यांच्याकडे खिचडीचा डबा नेत होते. उतारवयात साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर बाकीच्या हाडांची शंका घ्यायची असते. शिकवणाऱ्यानं ते आधी विचारायचं असतं. शेजारीण म्हणून मला सगळं माहीत होतं. शिक्षिका म्हणून मी एक अक्षर विचारलं नव्हतं.

मी माफी मागायला गेले. त्यांची सून दारातून आत घ्यायलाच तयार नव्हती, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आतून खालांनीच हाक मारली. मी रडत होते. त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "माप न घेता कापड कापलंस, बेटा. आता एक तर कातरी खाली ठेव, नाही तर नीट शीक."

त्या आठवड्यात मी बॅच बंद केली, उरलेल्या दिवसांची फी परत केली आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट काढलं. मिस्टर म्हणाले, "एरोबिक्स तर चालूच आहे, कशाला जीव जाळतेस?" पण मला खाली ठेवणं जमत नव्हतं.

मग नीट शिकले. पिलाटेसचा पूर्ण अभ्यासक्रम, ज्यावर परदेशातली प्रमाण परीक्षा देता येते, तो साधारण ४५० तासांचा असतो. त्यात शरीररचना येते, सतरंजीवरचे व्यायाम येतात, आणि रिफॉर्मरसारखी उपकरणंही. रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगांवर सरकणारा एक पाटच. हे तास नुसते ऐकण्याचे नसतात. स्वतःच्या शरीरावर करायचे, दुसऱ्याला शिकवताना बघायचे आणि मग कुणाच्या तरी नजरेखाली शिकवायचे. मला सगळं मिळून दीड वर्ष लागलं. पहिले कितीतरी आठवडे मी वही घेऊन कोपऱ्यात बसायची. कुणाला हात लावायची परवानगी नव्हती. तास संपला की बाई विचारायच्या, "तिचा श्वास कुठे अडला? कोणता खांदा वर गेला?" मला उत्तर येत नसे. एवढी वर्षं मी फक्त मोजत होते, बघत नव्हते.

जिममधून येणाऱ्या आम्हा सगळ्यांना हेच जड जातं. जिममध्ये आपण पुढे उभं राहून करून दाखवतो आणि मागच्या वीसजणी नक्कल करतात. इथे आपण करायचंच नसतं. समोरच्या शरीराकडे पाहायचं, कमीत कमी शब्दांत सांगायचं आणि त्या शरीराला काय देऊ नये हे आधी ठरवायचं. ३४ व्यायामांतले कोणाला दहाच, कोणाला चारच.

एक गोष्ट आपल्या भगिनींना मुद्दाम सांगते. अमेरिकेत 'पिलाटेस' या नावाच्या मालकीवरून खटला झाला होता. २००० साली न्यूयॉर्कच्या कोर्टानं निकाल दिला, की योग किंवा कराटे या शब्दांसारखा हाही शब्द सगळ्यांचा आहे. चांगलंच झालं, विद्या कुणा एकाच्या तिजोरीत राहिली नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की पाटी कुणीही लावू शकतं. आपल्याकडेही त्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. मी लावली होतीच. म्हणून क्लासला जाल तेव्हा संकोच न करता विचारा: कुठे शिकलात, किती महिने शिकलात, कुणाच्या हाताखाली शिकवलंत? आणि त्यांनी तुम्हाला काय विचारलं तेही बघा. बाळंतपणं, ऑपरेशन, मोडलेलं हाड, रक्तदाब, पाळी गेली का, यातलं काहीच न विचारता जर कुणी तुम्हाला पहिल्याच दिवशी सतरंजीवर झोपवत असेल, तर चप्पल घालून घरी या.

खाला बऱ्या व्हायला काही महिने गेले. माझी परीक्षा झाल्यावर मी त्यांना भेटले, पण क्लासला या असं म्हणायचं धाडस झालं नाही. त्याच म्हणाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणली. बरोबर सूनही आली आणि खुर्ची ओढून तासभर माझ्या हातांकडे बघत बसली. मी वही उघडली, खालांना शेजारी बसवलं आणि एकेक विचारून लिहून घेतलं. मनगट, मणका, गोळ्या, चक्कर, झोप. पुढे वाकायचा एकही व्यायाम दिला नाही. भिंतीला पाठ टेकून ताठ उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि पालथं झोपून छाती बोटभर उचलणं, एवढंच.

आता त्या आठवड्यातून दोनदा येतात. सून अजूनही खुर्चीवर बसते. हल्ली ती माझ्या हातांकडे बघत नाही, मोबाइल बघते.