अल्बमची वाटणी

आमच्या वाईच्या वाड्यात फोटो दोन ठिकाणी असत. चौकटीतले मोठे फोटो माजघराच्या भिंतीवर, किंचित पुढे झुकलेले, मागे चिमण्यांनी काड्या कोंबलेले. लहान फोटो आजोबांच्या ट्रंकेत, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात आणि काळ्या पानांच्या एका अल्बममध्ये. भिंतीवरचे फोटो दिवाळीआधी पुसले जात. ट्रंकेतल्यांना हात लावायचा तर आधी न्हाणीत जाऊन हात धुवून यावं लागे, कारण १९५० ते १९६५च्या दरम्यान जन्मलेल्या आम्हा चुलत-आते भावंडांची बोटं बहुतेक वेळ चिंचेची नाहीतर कैरीची असत. मग अल्बम थोरल्या काकांच्या मांडीवर आणि आम्ही भोवती. पानांमध्ये बटर पेपर. तो उलटला की चारही कोपऱ्यांना काळे त्रिकोण लावून बसवलेला फोटो, आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीने काकांच्या अक्षरात नावं.

त्यातले जुने फोटो साताऱ्याच्या स्टुडिओतले. एसटीने जायचं, रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहायचं, काळ्या फडक्याखालून ‘हलू नका’ असा आवाज येईपर्यंत श्वास धरायचा. कॉप्या आठ दिवसांनी मिळत. प्रत्येक कॉपीच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि बऱ्याचदा आजोबांच्या हातची मोडीतली एखादी ओळ असे. पुढे साठच्या दशकात मधल्या काकांनी बडोद्यात तयार होणारा अ‍ॅगफा क्लिक थ्री आणला आणि फोटो घरच्या घरी निघू लागले. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही चौकोनी. ऊन आहे की ढग, एवढंच काय ते ठरवायचं. रोल महाग, कधी अ‍ॅगफाचा, कधी ऊटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’. त्यामुळे तो कित्येक महिने कॅमेऱ्यातच राही. धुऊन आला की एकाच पट्टीवर आधी गौरी, मग किल्ला, मग ढोल्या गणपतीच्या घाटावर ओळीने बसलेलो आम्ही, आणि शेवटी आंब्याची अढी. आमची वर्षं आम्हाला अशीच आठवतात, बारा-बारा चौकोनांत.

ऐंशीच्या दशकात रंग आले. छत्तीस फोटोंचा रोल, हॉट शॉट कॅमेऱ्याची जाहिरात, शहरातली कलर लॅब आणि रोलबरोबर फुकट मिळणारा प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम. तेव्हा आम्ही नोकऱ्यांच्या गावी पांगलो होतो. प्रत्येकाच्या कपाटात असे अल्बम साठत गेले. शिवाय ते जाडजूड, चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद ओढायचे अल्बम. आज सगळं एकत्र मांडलं तर एक गोष्ट मनाला लागते. आजी-आजोबांचे फोटो अजून काळेभोर, ठसठशीत आहेत आणि आमच्या मुलांची बारशी मात्र लालसर होत पुसट चालली आहेत. कारण साधं आहे. कृष्णधवल कॉपीतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. रंगीत कॉपीतली प्रतिमा रंगद्रव्यांची असते आणि त्या काळच्या कागदावर निळसर थर सगळ्यात आधी विरतो, मग उरतो तो तांबूसपणा. चिकट अल्बमांनी तर फोटो धरूनच ठेवले. गोंद पिवळा पडला, कॉपी सुटेना. शेवटी दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोखालून हळूहळू ओढत ते सोडवावे लागले. हे काम आमच्या वहिनींनी केलं. इतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पण मला सांगायचंय ते काळ्या पानांच्या अल्बमबद्दल. आजोबा गेल्यावर वाड्याची वाटणी झाली. पितळी भांडी वाटली गेली, मळा वाटला गेला, देव थोरल्या काकांकडे राहिले. अल्बमची वाटणी कशी करणार? तो देवांबरोबर काकांकडेच राहिला. मग माहेरपणाला आलेली आत्या जाताना म्हणायची, “दादा, हा एवढा माझा नेऊ का?” काका नाही म्हणत नसत. कुणी मुंजीचा नेला, कुणी स्वतःच्या लग्नाचा, कुणी आईचा. निगेटिव्ह कधीच हरवल्या होत्या. फोटोवरून फोटो काढून घ्यायचा तर तो खर्चिक, आणि येणारी कॉपी पांढरीफटक नाहीतर काळवंडलेली. त्यामुळे जो नेला तो मूळच नेला. अल्बममध्ये पानोपानी चार काळे त्रिकोण राहिले आणि त्यांच्याखाली पांढरी नावं. चेहरे पुण्याला, नागपूरला, बडोद्याला, पुढे एक न्यू जर्सीला. नावं वाईत.

पुस्तक छापावं हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, कारण छापखाना पाच बिऱ्हाडांसाठी नव्हताच. फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक करायचा, तो आर्ट पेपरवर वेगळा छापून पुस्तकात घालायचा. पुढे ऑफसेट आलं तरी प्लेट बनवायची आणि मशीन लावायचं तर खर्च पाच प्रतींना तोच आणि हजार प्रतींनाही तोच. म्हणून घराण्यांची पुस्तकं निघाली ती कुलवृत्तांतांची. शेकडो घरांनी वर्गणी भरली, कुणीतरी गावोगाव हिंडून वंशावळी गोळा केल्या, आणि जाड ग्रंथ झाले. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वंशवृक्षाच्या फांद्यांवर पुरुष असतात. बायका ‘पत्नी’ म्हणून एका ओळीत येतात आणि लेकी लग्न होऊन पानाबाहेर जातात.

छपाईचं गणित बदललं ते एका नव्या यंत्राने. १९९३ साली बेनी लांडा यांच्या इंडिगो कंपनीने असं यंत्र आणलं, ज्यात प्लेटच नव्हती. प्रत्येक कागदासाठी प्रतिमा नव्याने उमटते, म्हणून पहिला कागद आणि दुसरा कागद पूर्ण वेगळे असू शकतात. एकच प्रत छापणं परवडू लागलं ते यामुळे. २००२ मध्ये अ‍ॅपलने संगणकातल्या फोटोंचं बांधीव पुस्तक घरपोच मागवायची सोय केली, २००६ मध्ये ब्लर्बने ती कुणालाही खुली केली. आपल्याकडे ही छपाई आधी लग्नांतून आली. आमच्या मुलांच्या लग्नांत फोटोग्राफरने चकचकीत अल्बम दिले, तेव्हा ती छपाई आहे, फोटोच्या कॉप्या नव्हेत, हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. मग घरगुती पुस्तकांसाठी मुंबई-बंगळुरूच्या कंपन्या निघाल्या. पानं आपण लावायची, ती ऑनलाइन पाठवायची, कुरियरने पुस्तक येतं. एक प्रत हवी तर एक, सात हव्या तर सात.

निमित्त झालं बेबीआत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. सगळ्या भावंडांत धाकटी, म्हणून ऐंशी उलटली तरी ती बेबीच. पुण्याच्या भाचीने ठरवलं की आत्याला शाल-श्रीफळाबरोबर अल्बम द्यायचा, आणि तो पूर्ण भरलेला द्यायचा. ज्याने जो फोटो नेला त्याने तो पाठवायचा.

फोटो आले ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर. भाचीने सगळ्यांना शांतपणे समजावलं की तिथून नेहमीसारखा पाठवला की फोटो आकसतो. लांब बाजूला सोळाशेच्या आसपास ठिपके उरतात, आणि चांगल्या छपाईला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे पाच-सव्वापाच इंचांपुढे फोटो विरतो. मग कुणी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, कुणी स्कॅनरवर सहाशेने स्कॅन करून ईमेलने. न्यू जर्सीच्या वहिनींनी फोटोच्या मागच्या बाजूही पाठवल्या. आजोबांच्या त्या मोडी ओळी पुण्यातल्या एका जाणकारांकडून वाचून घेतल्या, तेव्हा कितीतरी तिथी-वारांचा उलगडा झाला.

खरं काम नावांचं होतं. त्यासाठी दर रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो. भाची एकेक फोटो दाखवायची. नानाकाकांना माणसं टोपीच्या घडीवरून ओळखू यायची, बेबीआत्याला नथीवरून. “ही नथ मोठ्या वहिनीची, पण घातलीय दुसऱ्याच कुणी. मागून आणलेली दिसते,” असं ती म्हणाली की अर्धा तास त्या नथीचा माग निघायचा. आमच्यापैकी कुणी ते ऐकत लिहून घ्यायचं. आम्ही मधले. वरच्या पिढीचे चेहरे नावानिशी ओळखणारे आणि हा खटाटोप यंत्रावर करू शकणारे, असे दोन्हीकडचे आम्हीच काय ते उरलो आहोत, हे दर रविवारी कळत होतं.

बायकांची नावं कोणती लिहायची यावर बोलणं झालं. आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून बदलायची रीत होती. बेबीआत्याने स्वतःच निकाल दिला. “फ्रॉकातल्या मुलीला सासरचं नाव कशाला? तिला ते ठाऊकही नव्हतं.” म्हणून लग्नाआधीच्या फोटोंत माहेरचं नाव आणि नंतरच्या फोटोंत दोन्ही, असं ठरलं. काकवांची माहेरची नावं आमच्यातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या माहेरची गावंही लिहिली.

आणि माईआजी. आजोबांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, जन्मभर आलवणात राहिलेली. आम्हाला न्हाऊ घालणारी, पर्वचा म्हणून घेणारी, गोष्टी सांगणारी तीच. लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. शुभकार्यात तिने पुढे यायचं नाही, हा नियम वाड्यातल्या सगळ्यांनी पाळला, आणि तो किती निष्ठुर होता हे आम्ही फोटो एकापुढे एक मांडले तेव्हा कळलं. सगळीकडे शोधल्यावर ती सापडली नानाकाकांच्या मुंजीत, १९४८ साली. पुढे बटू, मातृभोजनाची पंगत, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीआड अर्धी, हातात परात घेतलेली. मूळ कॉपीत चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. बाराशेने स्कॅन केला तरी मोठा होईना, ठिपके दिसू लागले. एका पुतण्याने चेहरे स्वच्छ करणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो घातला. एक तुकतुकीत, सुंदर वृद्धा आली. नानाकाका पाहताक्षणी म्हणाले, “ही माई नाही.” ते चित्र आम्ही घेतलं नाही. पूर्ण कोऱ्या पानावर मधोमध दोन इंचांचा, आहे तसा फोटो ठेवला, खाली तिचं पूर्ण नाव, आणि समोरच्या पानावर आम्ही प्रत्येकाने तिच्याबद्दल लिहिलेल्या दोन-दोन ओळी. तिच्या हातचं मेतकूट, तिची खरखरीत बोटं, तापात कपाळावर ठेवलेली पट्टी. पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान मला हेच वाटतं.

मराठी मजकुराने भाचीला फार दमवलं. तयार साच्यांत देवनागरी टाकली की रफार भलतीकडे जाई, जोडाक्षरं सुटी होत. शेवटी मजकुराची पानं तिने दुसरीकडे जुळवून पीडीएफ करून घातली. मोठे समूहफोटो दोन पानांवर पसरले की मधली माणसं शिवणीत गडप होत, म्हणून पानं सपाट उघडणारी बांधणी घेतली. कटिंगमध्ये कडेचे तीनेक मिलिमीटर जातात, त्यासाठी कडेच्या प्रत्येकाला थोडं आत घेतलं. कुणाचा कान, कुणाची टोपी जाऊ नये म्हणून ती रात्री जागून पानं तपासत होती.

प्रती सात काढल्या, प्रत्येक घराला एक. पहिलीचा आणि सातवीचा दर जवळपास सारखाच. थोरल्या काकांच्या अक्षरातली पांढरी नावंही स्कॅन करून जागच्या जागी ठेवली आहेत, त्यांच्या वर आता फोटो आहेत. शेवटची चार पानं अनोळखी चेहऱ्यांची. प्रत्येक फोटोखाली फक्त आकडा.

त्या पानांनी काम केलं. बेळगावहून एका मावसबहिणीचा फोन आला की सात नंबरचे, पेटीवर बसलेले गृहस्थ म्हणजे वाड्यातले जुने बिऱ्हाडकरू, कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या नदीच्या, उत्सवात कीर्तनाला साथ करायचे. तिच्या आईने सांगितलं होतं. अकरा नंबरच्या दोघी जुळ्या आहेत असं आम्ही धरून चाललो होतो, त्या जावा निघाल्या. हजार प्रती छापल्या असत्या तर अशा गोष्टी शुद्धिपत्रात गेल्या असत्या. इथे फाइल उघडायची, नाव घालायचं, पुन्हा छापायचं.

दुसरी छपाई आता ठरली आहे. तिच्यात आमच्या मुलांची ती लालसर पडलेली बारशी येणार आहेत, आणि अकरा जणांची नवी नावं. तीन, नऊ आणि चौदा या आकड्यांचा अजून पत्ता लागलेला नाही. दिवाळीनंतर फाइल बंद करते असं भाचीने सगळ्यांना कळवलंय. तोवर कुणाकडे काही असेल तर त्यांनी पाठवावं, शक्यतो ईमेलने, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करून.