राजूरचा जावई आणि धनुष्याची चाके

महाराष्ट्रात राजूर नावाची गावे कमी नाहीत. जालन्याकडचे राजूर गणपतीचे, भंडारदऱ्याजवळचे राजूर डोंगरातले. आमच्या ताईचे राजूर मात्र वणीजवळचे, कोळशाचे आणि चुन्याचे. नागपूरहून निघून वरोरा मागे टाकावे, वर्धा नदी ओलांडावी, की यवतमाळ जिल्हा लागतो. पुढे कुठे काळी तर कुठे पांढरी धूळ दिसू लागली, म्हणजे राजूर आले असे खुशाल समजावे! खाणीच्या कामासाठी इथे मुलूखमुलखाची माणसे आली आणि इथलीच झाली.

गेल्या दिवाळीत गेलो, तर भाची फराळाला हात लावीना. ती कंपाउंड धनुष्य चालवते. निवड-स्पर्धा आठ दिवसांवर आलेली आणि बाण मनास येईल तिकडे जात होते. “मामा, माझा हातच गेला. मी सोडते हे,” ती म्हणाली.

हे धनुष्य रामायणातले नव्हे, बरे का! अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील हॉलेस ॲलन यांनी १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ साली ते मिळाले. दोन्ही टोकांना लंबवर्तुळी चाके असतात. दोरी पुरती ओढली की चाके फिरून हातावरचा बराचसा भार उतरतो आणि नेम धरायला उसंत मिळते. याच धनुष्यावर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही त्याची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. पण दुरुस्तीला कारागीर मिळेल तर शपथ!

सुदैवाने शेजारच्या घरी दिवाळसणाला आलेले जावई याच कामातले निघाले. गाडीत हत्यारेही होती. सासूबाईंची परवानगी काढून आम्ही त्यांना अंगणात आणले.

त्यांनी दोरी हळूहळू ओढून पाहिली. “बाई, हात गेला नाही तुझा. चाकं एकमेकांवर रुसली आहेत. वरचं आधी थांबतं, खालचं मागून येतं.”

निवृत्त खाणकामगार असलेले एक आजोबा मान डोलावून म्हणाले, “दोन बैल सारखे ओढत नसले, तर गाडी वाकडीच जाणार.”

जावईबापूंनी धनुष्य शिकंज्यात दाबून दोरांवरचा ताण उतरवला, एका दोराला थोडा पीळ दिला आणि चाके एका वेळी थांबतील अशी जुळवली. झिजू लागलेल्या दोरीला मेण चोळले. मग चौकटीत कागद ताणून भाचीला चार पावलांवरून बाण मारायला लावला. कागद वरच्या बाजूस फाटला. म्हणजे बाणाचे शेपूट वर राहत होते. बाण टेकण्याची पट्टी त्यांनी केसभर उचलली. पुन्हा बाण, पुन्हा कागद. चौथ्या खेपेस स्वच्छ भोक पडले, भोवती तीन पिसांच्या तीन चिरा!

मग मैदान. पन्नास मीटरवर सहा बाण. पाच पिवळ्यात, एक तांबड्यात.

भाचीने आशेने धनुष्य पुढे केले. जावईबापू हसले. “पाच बाणांनी सांगितलं, धनुष्य ठीक आहे. सहावा तुझा. तो मला दुरुस्त करता येत नाही!”

त्या संध्याकाळी भाचीने चकल्यांचा डबा निम्मा केला आणि पुन्हा मैदान गाठले.