कोडीच्या माळावर एक दिवस

मंडळी, अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. आज मात्र मी तुम्हांला वायोमिंग राज्यातल्या कोडी या लहान गावी नेणार आहे. मुलूख आपल्या माणदेशासारखा कोरडा. पण शोशोनी नदीवर १९१० साली धरण पुरे झाले आणि कालव्याच्या पाण्यावर साखरबीट, बार्ली, लसूणघास डोलू लागला. १८९६ साली गाव वसवणाऱ्यांत ‘बफेलो बिल’ कोडी हा नामांकित माणूस होता. त्याच्या नावाच्या संग्रहालयात जुन्या बंदुकांचे मोठे दालन आहे.

माझा भाचा तिकडे नोकरीला. एके सकाळी म्हणाला, “मामा, चला, आज नेम मारायला जाऊ.” माझ्या पोटात गोळाच आला. का, ते पुढे सांगतो.

गावाबाहेर मातीचा उंच बांध, त्याच्या पुढे टांगलेल्या पोलादी ताटल्या. माझ्या हाती दिलेली बंदूक १८७३ सालच्या विंचेस्टरची नक्कल, इटलीत घडवलेली. नळीखाली दुसरी नळी. तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस वर उडते, कडी मिटली की नवे आत जाते. आपल्या ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार भरेपर्यंत रानडुक्कर अर्धी ज्वारी आडवी करून जाते! १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा व शायान लढवय्यांपैकी अनेकांजवळ अशा बंदुका होत्या; सरकारी स्वारांच्या बंदुका मात्र एकबारी होत्या.

कानांवर टोप्या, डोळ्यांवर चष्मा चढवला. तीन गोळ्या मातीत गेल्या. चौथीला ताटली ‘ठण्ण’ वाजली आणि मी पोरासारखा हसलो.

पण वाचकहो, खरे पाहण्यासारखे होते ते पुढेच. बार संपले की कडी उघडीच ठेवायची, नळीचे तोंड सदा बांधाकडे. मग दुसरा माणूस आत डोकावून खात्री करणार, तेव्हाच बंदूक जागची हलणार. भाचा वीस वर्षे नेम मारतो आहे, तरी त्याचीही तपासणी झाली. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

आमच्या घरी आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक खुंटीला असे. “रिकामीच आहे,” असे सगळेच म्हणत. एका दुपारी थोरल्या अण्णाने ती खाली काढली आणि बार उडाला. अण्णाचा डावा हात आजही अधू आहे. पिकाच्या राखणीला आणलेली ती वस्तू. पण तिच्या पोटात काय आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

तुमच्या घरी परवान्याची बंदूक असेल, तर आज रात्री एवढे करा. नळीचे तोंड माणसांपासून दूर धरून जाणत्याकडून ती तपासून घ्या, रिकामी करा आणि कुलपात ठेवा. दारूगोळा वेगळ्या कुलपात. “रिकामीच आहे” हा शब्द मात्र घरातून कायमचा काढून टाका.