एका कोपराची किंमत

सायकलला कायद्याने कधी फारसे मनावर घेतलेले नाही. तिला नंबर नाही, लायसन नाही, विम्याचा कागद नाही. आमच्या आजोबांच्या काळात नगरपालिका सायकलमागे कर घेई आणि पितळी बिल्ला देई. तो बिल्ला आता आमच्या घरी जुन्या डब्यात खिळ्यांच्या संगतीत पडून आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या दिली आहे. यंत्राच्या शक्तीने चालते ते मोटार वाहन. माणसाच्या पोटऱ्यांच्या शक्तीने चालणारे तिच्यात बसत नाही. म्हणून दोन सायकली एकमेकींवर आदळल्या, तर भरपाईसाठी साधे दिवाणी कोर्ट गाठावे लागते. पण त्याच सायकलला एखाद्या टेम्पोने उडवले की सगळे चित्र पालटते. सायकलवाला तेव्हा 'त्रयस्थ पक्ष' होतो, आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा उतरवल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ज्याच्याजवळ एकही कागद नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने कागद काढून ठेवलेला असतो. फक्त हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मी कला शाखेची, त्यातून मराठीची विद्यार्थिनी. 'निशाणी', 'कैफियत', 'सामनेवाले' हे शब्द मला भेटायचे तर एखाद्या बखरीत किंवा जुन्या दफ्तरात भेटायला हवे होते. ते घरात भेटले. गेल्या तीन वर्षांत मी पाठ्यपुस्तकांच्या बरोबरीने दाव्याचे कागद वाचले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कागदांची भाषा अधिक अवघड वाटली.

आमचे अण्णा सुतार आहेत. कॅरिअरला लाकडी पेटी, तीत रंधा, पटाशी, गुण्या, करवत, अशा थाटात ते पंचक्रोशीत कामाला जात. नोव्हेंबर २०२१ मध्ये, उसाच्या हंगामात, संध्याकाळी परतताना मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले. टेम्पो थांबला नाही. पुढच्या ढाब्यावरच्या लोकांनी अडवला म्हणून त्याचा नंबर हाती लागला. अण्णांना दवाखान्यात आणले ते उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने. तो त्यांना उतरवून नाव न सांगता निघून गेला. पोलिसांच्या फेऱ्यांची त्याला भीती वाटली असणार. खरे म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. पण ही गोष्ट उसाच्या फडापर्यंत कोण घेऊन जाणार?

उजव्या कोपराचे तीन तुकडे झाले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात राहिला, पण तो आता पुरता सरळ होत नाही आणि काटकोनाच्या पलीकडे वाकतही नाही.

आठ-दहा दिवसांत टेम्पोचे मालक घरी आले. माणूस वाईट नव्हता. येताना सफरचंदे आणली होती. "मिस्त्री, आपण एका भागातली माणसं. कोर्टकचेरी कशाला? वीस हजार देतो, घरातल्या घरात मिटवू." आईच्या चेहऱ्यावर वीस हजारांचा हिशेब दिसू लागला होता, कारण दवाखान्याचे बिल उशाशी होते. अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांच्या बोलीत याचा अर्थ नाही असा होतो, हे गिऱ्हाइकांना ठाऊक असते, मालकांना नव्हते. दुसरे आले ते एक मध्यस्थ. जे मिळेल त्याचे तीस टक्के आमचे, बाकीची काळजी सोडा, असे त्यांचे म्हणणे. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि तेवढ्यावरच बोळवण केली.

शेवटी आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवला. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक मर्यादेच्या आतल्या उत्पन्नाच्या माणसांना वकील विनामूल्य मिळतो. आम्हाला मिळालेले वकीलसाहेब वयाने तरुण आणि बोलण्यात तुटक होते. त्यांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट केली. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. पहिल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यात पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहतात. दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. तो अपघाताच्या जागी, ड्रायव्हर-मालकाच्या गावी किंवा अर्जदार राहतो तिथेही दाखल करता येतो. ही न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वी मोटारीखाली सापडलेल्या माणसाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत.

आम्ही एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊ लागलो. तारखा पडू लागल्या.

विमा कंपनीची कैफियत मी प्रथम वाचली तेव्हा हा अपघात आमच्या घरचाच का, असा प्रश्न मला पडला. अर्जदार अंधारात बिनदिव्याच्या सायकलवरून जात होता. त्याने एकाएकी उजवीकडे वळण घेतले. अपघातास तो स्वतःच जबाबदार आहे. तसा नसल्यास निम्मा जबाबदार आहे. वकीलसाहेब हसून म्हणाले, "हे प्रत्येक सायकलवाल्याच्या दाव्यात असतं. फक्त नावं बदलतात." याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. तो सिद्ध झाला की जितका टक्का आपला, तितकी भरपाई कापली जाते. अण्णांच्या बाजूने साक्षीदार नव्हता. ट्रॅक्टरवाला तर वाऱ्यावर विरून गेलेला. उभा राहिला तो घटनास्थळाचा पंचनामा. कुणा हवालदाराने कंटाळत, पण नेमकेपणाने लिहिले होते: सायकल डांबरी रस्त्याच्या डाव्या कडेला, मातीत पडलेली, मागचे चाक व मडगार्ड चेपलेले, पुढचे चाक सुस्थितीत, मडगार्डला तांबडी पट्टी. उजवीकडे वळणारी सायकल मागून चेपून डावीकडच्या मातीत कशी पडेल, एवढाच प्रश्न आमच्या वकिलांनी विचारला. त्या हवालदारांना मी पाहिलेले नाही. त्यांचे अक्षर मात्र मी कुठेही ओळखीन.

खरी झुंज झाली ती उत्पन्नावर आणि अपंगत्वावर. सुताराला पगारपत्रक कुठले? अण्णांजवळ एक लांबोडकी वही होती. तीत सुतारी पेन्सिलीने मापे लिहिलेली, दोन फूट चार इंच तीन सूत, आणि शेजारी गिऱ्हाइकाचे नाव, ठरलेली रक्कम, घेतलेली उचल. चौकटी, खिडक्या, एक देव्हारा, दोन पाळणे. ती वही निशाणी म्हणून दाखल झाली तेव्हा मला विलक्षण वाटले. आम्ही इथे दिनवैशिष्ट्ये आणि रोजनिशी या वाङ्मयप्रकारांवर टिपणे लिहितो, आणि तिकडे पाळण्याची मापे पुरावा म्हणून वाचली जातात. असो. वहीवरून महिन्याचे पंधरा हजार निघत होते. न्यायाधिकरणाने दहा हजार धरले. वही वर्षभर सलग नव्हती, हे कारण.

अपंगत्वाच्या दाखल्यात ३५ टक्के असा आकडा होता. कंपनीचे म्हणणे, ३५ टक्के अपंगत्व म्हणजे कमाईचे नुकसानही फार तर ३५ टक्के. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निवाडा कामी आला. शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नव्हे. त्या माणसाचा धंदा कोणता ते आधी पाहा, असे त्यात सांगितले आहे. आणि उदाहरण कोणाचे असावे? डावा हात गेला तर ड्रायव्हरचे किंवा सुताराचे कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के होऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र कदाचित टिकून राहील, अशा अर्थाचे. निकालपत्रात 'सुतार' हा शब्द पाहून अण्णांना मी तो परिच्छेद मराठीत करून दाखवला. त्यांनी दोनदा सांगायला लावले.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारले, "तुम्ही आता हाताखाली माणसं ठेवून देखरेख करू शकता ना?" अण्णांनी "हो" म्हटले. माझ्या पोटात गोळा आला. मग "हलकी कामं जमतात ना?" यालाही "हो". "मग धंदा बंद पडला असं कसं म्हणता?" अण्णा थोडे थांबून म्हणाले, "साहेब, रंधा एका हातानं धरता येतो. चालवता येत नाही. आणि ज्याचा रंधा चालत नाही त्याच्या हाताखाली कोण शिकायला येतो?" न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले आणि उत्तर जसेच्या तसे टिपून घ्यायला सांगितले.

२०२४ च्या अखेरीस निकाल लागला. सहभागी निष्काळजीपणा नाही. कमाईचे नुकसान ५० टक्के. आता हिशेब पाहा. कायद्यातला हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहता येतो. महिन्याचे १०,०००. स्वतंत्र धंदा करणारा चाळीस ते पन्नास वयाचा असेल, तर भविष्यातल्या वाढीपोटी त्यात पंचवीस टक्के मिळवायचे. हे २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्याने घालून दिले. झाले १२,५००, वर्षाचे दीड लाख. अपघाताच्या वेळी अण्णांचे वय ४४. २००९ च्या सरला वर्मा निवाड्यातल्या तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ वयाला गुणक १४. एकवीस लाख, त्यांचे निम्मे १०,५०,०००. त्यात दवाखान्याची बिले ९६,४००, सहा महिन्यांची बुडालेली कमाई ६०,०००, वेदनांपोटी ५०,०००. एकूण १२,५६,४००, आणि अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज.

या बेरजेत आई कुठेच नाही. सहा महिने अण्णांना घास भरवणे, अंघोळ घालणे, आणि त्यातच दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणे, याचा रकाना तक्त्यात नव्हता. घरकामाला मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात आणि पुन्हा २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात मान्य केले आहे. पण ते गृहिणी दगावली तर. ती जिवंत राहून राबली तर तिचे मोल शोधायला वेगळी मागणी करावी लागते, आणि तीही मिळेलच असे नाही. मला हे न्याय्य वाटत नाही.

सायकलवरून कॉलेजला येणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आणखी थोडे. १ एप्रिल २०२२ पासून नियम पुष्कळ बदलले आहेत. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख आणि पन्नास हजार. २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोख न भरता उपचार होतात. मात्र याच बदलांबरोबर दाव्याला सहा महिन्यांची मुदतही आली. १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. खेड्यातल्या माणसाचे प्लॅस्टर निघायलाच कधी कधी चार महिने लागतात, हे मुदत ठरवणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवे होते.

अण्णांच्या रकमेपैकी बराचसा भाग न्यायाधिकरणाने पाच वर्षे मुदत ठेवीत ठेवायला सांगितला आहे. विमा कंपनीने ५० टक्क्यांविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले आहे. त्यात सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.