अमरावती टू अकोला, व्हाया ताक!

वीकेंड आला की आपल्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, ‘बसायचं कुठे?’ ‘बसणं’ या साध्यासुध्या क्रियापदाला आपण केव्हाच ग्लासात बुडवलंय! यावेळी मी म्हटलं, बसायचं नाही, निघायचं. रूट अमरावती-अकोला. साधारण शंभर किलोमीटर, वाटेत बडनेरा आणि मूर्तिजापूर.

अमरावतीत आधी गिला वडा, मग गाडगेनगर. इथे गाडगेबाबांची समाधी आहे. त्यांचा खराटा आणि कीर्तन शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असतं. दारूचं प्रकरण मात्र आपण विसरलेलो असतो. १८७६ साली याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीचे वडील दारूपायी गेले. डेबू तेव्हा लहान होता. आईसोबत तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे आला. गुरं राखत, शेती करत वाढला. पुढे त्याच्या मुलीचं बारसं निघालं. रिवाज दारू-मटणाचा. डेबूजीनं पंगतीला गोडाचं जेवण वाढलं.

मला हा प्रसंग एकदम आजचा वाटतो. पाहुण्यांना उपाशी पाठवलं नाही, यजमानानं फक्त मेन्यू बदलला. आपल्या पार्टीत न पिणाऱ्याला काय मिळतं? कोमट कोल्ड्रिंक आणि वर ‘एकानं काय होतंय यार!’

एकानं काय होतं, ते बघा. ६५० मिलीच्या, ८ टक्क्यांच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये साधारण ४ स्मॉल पेगइतकं अल्कोहोल असतं. लिव्हर तासाला जेमतेम एक स्मॉल पेग निपटवतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, यांनी त्याचा स्पीड वाढत नाही. आणि ‘थोडी तब्येतीला चांगली’ हा फंडाही विसरा. कितीही कमी घेतली तरी पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय.

त्यात हा रस्ता! जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. अशा रस्त्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांचा दंड किंवा दोन्ही.

मूर्तिजापूरच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. मालकानं मेन्यूकार्डाआधी विचारलं, ‘गाडी कोन चालवून राह्यलं भाऊ?’ मित्रानं हात वर केला. ‘मंग तुमाले ताक देतो!’ सोबत भाकरी, झुणका, ठेचा. अकोल्यापर्यंत गाडीत गप्पांना खंड नव्हता.

पार्टी तुमची असेल तर...
* परत गाडी कोण चालवणार, हे पहिल्या ग्लासाआधी ठरवा. तो एक थेंबही घेणार नाही.
* न पिणाऱ्यांसाठी ताक, पन्हं, सरबत आधीच गार करून ठेवा.
* रिकाम्या पोटी कुणालाही ग्लास देऊ नका.
* कुणी ‘नको’ म्हटलं की कारण विचारू नका.